एंटरप्राइज जावाचं जाड पुस्तक हाताशी घेऊन शिकताना

एंटरप्राइज जावावरची बहुतेक पुस्तकं पाचशे पानांच्या पुढची असतात. नवीन मुलं ती उत्साहाने घेतात, पहिली तीन प्रकरणं ट्रेनमध्ये वाचून काढतात, सगळं समजतंय असं वाटतं. मग एका संध्याकाळी लॅपटॉप उघडून पहिला सर्व्हलेट, म्हणजे ब्राउझरच्या विनंतीला सर्व्हरवरून उत्तर देणारा जावा क्लास, चालवायला बसतात आणि तो चालत नाही. ब्राउझरमध्ये ४०४, म्हणजे 'पान सापडलं नाही', येतं, नाहीतर दीडशे ओळींची लाल एरर येते, आणि पुस्तकात त्याबद्दल अवाक्षर नसतं. तिथे पुस्तक मिटतं ते मिटतंच.

मी अंधेरीला बॅकएंडचं, म्हणजे सर्व्हरवर चालणाऱ्या प्रोग्रामचं, काम करते. आमच्याकडे नव्याने लागलेल्या मुलामुलींना पहिले काही महिने जावा शिकवणं माझ्याकडे असतं, आणि मी पुस्तकावरूनच शिकवते. व्हिडिओ चांगले असतात, पण त्यात सगळं दुसऱ्याच्या मशीनवर आधीच जुळवून ठेवलेलं असतं. पुस्तक 'हे असं का' ते सांगायला थांबतं, आणि तुम्ही एका परिच्छेदावर तीन दिवस अडून बसलात तरी तुमच्यासाठी तिथेच थांबतं. अट एकच: हाताने टाइप केल्याशिवाय ते डोक्यात जात नाही.

पुढचं सगळं समजायला क्लास, इंटरफेस, कलेक्शन, एक्सेप्शन आणि साधं एसक्यूएल यायला हवं. ते कच्चं असेल तर आधी महिनाभर त्यालाच द्या. मुंबई विद्यापीठाच्या बीएस्सी आयटीला तिसऱ्या वर्षी ज्यांनी एंटरप्राइज जावा हा विषय घेतला होता, त्यांनी प्रॅक्टिकल जर्नलपुरतं केलं असेल तर नव्यानेच सुरुवात करावी. त्यात कमीपणा नाही. जर्नलमध्ये उतरवलेला प्रोग्राम आणि स्वतः मोडून पुन्हा उभा केलेला प्रोग्राम यांत फार अंतर असतं.

'एंटरप्राइज' या शब्दाने दबून जाऊ नका. कॉलेजातला प्रोग्राम एकच माणूस चालवतो आणि तो मध्येच बंद पडला तर कोणाचं काही बिघडत नाही. बँकेत, विमा कंपनीत, शेअर दलालाकडे एकाच प्रोग्रामवर एकाच वेळी शेकडो माणसं असतात, पैशाचा व्यवहार अर्धा होऊन चालत नाही, आणि सर्व्हर मधेच पडला तरी हिशेब जुळावा लागतो. या गरजा भागवण्यासाठी जो पसारा उभा राहिला तो म्हणजे एंटरप्राइज जावा. मुंबईत बँकांची मुख्यालयं आहेत, दोन्ही मोठी शेअर बाजारं आहेत, त्यामुळे वांद्रे-कुर्ला संकुलापासून पवई, सीप्झ, ऐरोलीपर्यंत हे काम रोज चालतं.

पुस्तक घेण्याआधी साल बघा

माटुंग्याला किंग्ज सर्कलच्या फुटपाथवर आणि फोर्टात फाउंटनपाशी जुनी तांत्रिक पुस्तकं स्वस्तात मिळतात. जरूर घ्या, पण आधी आतल्या पानावरचं आवृत्तीचं साल बघा. या विषयात सालाला किंमत आहे.

१९९९ मध्ये सन मायक्रोसिस्टम्सने जे-टू-ईई आणलं; एंटरप्राइज जावाचं तेव्हाचं हे नाव. त्या काळातल्या पुस्तकांत एक छोटा बीन, म्हणजे सर्व्हर सांभाळतो तो जावाचा घटक, लिहायला चार-पाच फायली आणि लांबलचक एक्सएमएल लागायचं. २००६ मध्ये जावा ईई ५ आलं, कोडमध्येच '@' लावून सूचना लिहायची सोय म्हणजे अ‍ॅनोटेशन्स आली आणि ते ओझं उतरलं. २०१० मध्ये सन कंपनी ओरॅकलकडे गेली. २०१७ मध्ये ओरॅकलने हा सगळा संसार एक्लिप्स फाउंडेशनकडे सोपवायचं ठरवलं, पण 'जावा' हे नाव स्वतःकडेच ठेवलं. म्हणून २०१८ पासून याचं नाव जकार्ता ईई झालं. जावा बेटावरचंच शहर, त्यामुळे नाव लक्षात राहायला सोपं. खरा दणका बसला तो डिसेंबर २०२० मधल्या जकार्ता ईई ९ ने: पॅकेजांची नावं 'जावाएक्स' वरून 'जकार्ता' झाली. जावाएक्स.सर्व्हलेट होतं ते जकार्ता.सर्व्हलेट झालं, जावाएक्स.पर्सिस्टन्स होतं ते जकार्ता.पर्सिस्टन्स झालं.

नवशिक्यांच्या निम्म्या अडचणी इथेच असतात, म्हणून जरा सविस्तर सांगते. सर्व्हलेट चालवणारा सर्व्हर म्हणजे टॉमकॅट. टॉमकॅट ९ ला जुनी नावं कळतात, टॉमकॅट १० पासून फक्त नवी. २०१८ च्या पुस्तकातला कोड तुम्ही टॉमकॅट १० वर टाकलात, तर अ‍ॅनोटेशनने नोंदवलेला सर्व्हलेट टॉमकॅटला दिसतच नाही. एरर नाही, लाल अक्षरं नाहीत, नुसतं ४०४. २०२१ च्या पावसाळ्यात आमच्या शिकाऊ मुलांचा जुना सराव मी नव्या टॉमकॅटवर हलवत होते, तेव्हा माझ्या दोन अख्ख्या संध्याकाळी यात गेल्या. पत्ता तपासला, पोर्ट तपासला, वॉर फाइल (प्रोग्रामचा सर्व्हरवर टाकायचा गठ्ठा) तीनदा नव्याने बनवली. चूक वरच्या इम्पोर्टच्या ओळीत होती, आणि ती ओळ आपण इतक्या सवयीने वाचतो की डोळा तिच्यावरून घसरून जातो.

स्प्रिंग बूटचंही तसंच. (स्प्रिंग हे एंटरप्राइज जावाच्या कामासाठीचं फ्रेमवर्क, आणि बूट ही ते झटपट उभं करायची सोय.) नोव्हेंबर २०२२ मध्ये आलेल्या बूट ३ ला किमान जावा १७ लागतं आणि नावं जकार्ताची लागतात. बूट २ वरचं पुस्तक असेल तर तिथे जावाएक्स.

आणि एक खाचखळगा. सगळंच 'जावाएक्स' जुनं झालेलं नाही. जावाएक्स.एसक्यूएल हे मूळ जावाचाच भाग आहे, ते तसंच राहतं. एडिटरमध्ये शोधा-आणि-बदला लावून सरसकट नावं बदललीत तर डेटासोर्सची, म्हणजे डेटाबेसच्या जोडणीची, ओळ मोडेल.

मग जुनं पुस्तक टाकून द्यायचं का? नाही. एचटीटीपी कसं चालतं, सर्व्हलेटचं आयुष्य कसं असतं, जेडीबीसी (जावातून डेटाबेसशी बोलायची पद्धत), ट्रान्झॅक्शन (सगळं होईल नाहीतर काहीच नाही असा व्यवहार), हे भाग वीस वर्षांपूर्वीच्या पुस्तकातही खणखणीत असतात, कित्येकदा नव्यापेक्षा जास्त खोलात गेलेले असतात. अ‍ॅनोटेशनचा पत्ताच नसलेलं पुस्तक मुख्य म्हणून घेऊ नका, एवढंच. मुख्य पुस्तक नवं आणि शेजारी एक जुनं, ही जोडी मला सर्वांत चांगली वाटते.

मशीन एका बैठकीत तयार करा

जेडीके (जावाचं कंपायलरसकटचं साहित्य) १७ किंवा २१, मेव्हन (लायब्ररी आणून प्रोग्राम बांधणारं साधन), टॉमकॅट, आणि मायएसक्यूएल किंवा पोस्टग्रेस यांपैकी एक डेटाबेस. आठ जीबी रॅम असली की पुरे. चारच जीबी असेल तर जड आयडीई (कोड लिहायचं मोठं सॉफ्टवेअर) टाळा, हलका एडिटर आणि टर्मिनल वापरा.

पुस्तकात ज्या आवृत्त्या दिल्यात त्याच घ्या. 'नवी आहे तर नवीच घेऊ' हा मोह शिकताना महागात पडतो. सगळं पुस्तक झालं की मग आवृत्ती वाढवा, तोही एक चांगला धडा असतो.

मेव्हन पहिल्यांदा चालवलं की ते लायब्ररींच्या कितीतरी जार फायली उतरवून घेतं. हे घरच्या किंवा कॉलेजच्या वायफायवर करा, आणि त्याच वेळी कंपाइल, टेस्ट, पॅकेज हे तिन्ही एकेकदा चालवून घ्या, कारण प्रत्येकाचे प्लगइन वेगळे असतात. एकदा सगळं मशीनवर आलं की मेव्हन ऑफलाइन मोडमध्येही चालतं. नायगाव-भाईंदरच्या खाडीवर नेटवर्क गेलं तरी तुमचं काम थांबत नाही.

पोर्ट ८०८० अडलेला असेल तर टॉमकॅट सुरू होत नाही. आधीचा टॉमकॅट बंद करायचा राहिलेला असतो, बहुतेक वेळा एवढंच कारण असतं.

पुस्तकातलं उदाहरण नको, आपलं घ्या

हा सल्ला मी सर्वांना पहिल्याच दिवशी देते. पुस्तकात पुस्तकांचं दुकान किंवा ऑनलाइन विक्रीचं उदाहरण असतं. ते एकदा जसंच्या तसं टाइप करून चालवा. मग पुस्तक मिटा आणि तीच कल्पना स्वतःच्या प्रकल्पात लिहा.

प्रकल्प म्हणून मी गृहनिर्माण सोसायटीचा मेंटेनन्सचा हिशेब देते. मुंबईत हा हिशेब कोणाला समजावून सांगावा लागत नाही. २४ सदनिका, त्यांचे सभासद, महिन्याचं बिल, पावती, थकबाकी, थकबाकीवर व्याज. चार-पाच टेबलांत मावतो आणि एंटरप्राइज जावातला जवळजवळ प्रत्येक प्रश्न त्यात कधी ना कधी उभा राहतो. चाळीत राहत असाल तर गणेशोत्सवाच्या वर्गणीचा हिशेब घ्या, चालेल. पैसे असलेला विषय घ्या, कारण पैसे आले की चूक लपत नाही.

पहिल्या दिवसापासून पैशासाठी बिगडेसिमल वापरा, डबल नको. डबलमध्ये ०.१ आणि ०.२ मिळवून छापून बघा, उत्तर नेमकं ०.३ येत नाही.

सर्व्हलेटच्या प्रकरणात रेंगाळा

बरेच जण म्हणतात, आता सगळीकडे स्प्रिंग आहे, सर्व्हलेट कशाला? मला हे पटत नाही. स्प्रिंगच्या वेब भागाच्या पोटात सर्व्हलेटच बसलेला असतो. तो समजला नसेल तर पुढे जे बिघडेल ते जादूटोण्यासारखं वाटत राहील.

पुस्तकात एक वाक्य हमखास असतं: कंटेनर सर्व्हलेटची एकच प्रत बनवतो आणि प्रत्येक विनंती वेगळ्या थ्रेडवर चालवतो. कंटेनर म्हणजे टॉमकॅटसारखा सर्व्हलेट सांभाळणारा सर्व्हर, आणि थ्रेड म्हणजे प्रोग्रामात समांतर चालणारी एक वाट. वाचताना ते वाक्य सरळ वाटतं. त्याचा अर्थ अंगात भिनायला पुढचा प्रयोग करा.

सर्व्हलेटच्या क्लासमध्ये, मेथडच्या बाहेर, सदनिकेचा क्रमांक ठेवायला एक व्हेरिएबल घ्या. डू-गेट मेथडमध्ये विनंतीतून आलेला क्रमांक त्यात भरा. मग थ्रेडला दहा सेकंद झोपवा. मग तोच क्रमांक पानावर छापा. आता ब्राउझरच्या एका टॅबमध्ये १०१ चं पान मागवा आणि दोन-तीन सेकंदांत दुसऱ्या टॅबमध्ये ३०४ चं. थांबा.

पहिल्या टॅबमध्येही ३०४ येतं.

१०१ च्या माणसाने आपली थकबाकी विचारली आणि त्याला शेजाऱ्याची दिसली. बँकेच्या प्रोग्राममध्ये हेच झालं तर काय होईल, ते सांगायला नको. आता व्हेरिएबल मेथडच्या आत घ्या, पुन्हा तोच प्रयोग करा. दोन्ही टॅबमध्ये आपापला क्रमांक. हा प्रयोग केलेली मुलगी पुढे कितीही मोठ्या फ्रेमवर्कमध्ये गेली तरी सिंगलटन, म्हणजे सर्वांना मिळून एकच प्रत असलेल्या, बीनमध्ये वापरकर्त्याची माहिती ठेवत नाही. वाक्य पाठ केलेला मुलगा ठेवतो. मी दोन्ही पाहिलेत.

याच प्रकरणात फिल्टर (विनंती सर्व्हलेटपर्यंत जाण्याआधी तपासणारा कोड) आणि सेशन (एका वापरकर्त्याची सर्व्हरने ठेवलेली ओळख) येतात. सेशनचा प्रयोग छोटा आहे: ब्राउझरची कुकी पुसा आणि तुम्ही लॉगआउट का झालात ते स्वतःला समजावून सांगा. जेएसपीच्या (सर्व्हरवर तयार होणाऱ्या एचटीएमएल पानाच्या) आत जावा कोड लिहायचा भाग मात्र नुसता चाळा. जुन्या प्रोग्रामात तो भेटेल तेव्हा ओळखता आला म्हणजे झालं.

जेडीबीसी आणि ट्रान्झॅक्शन: इथे महिना गेला तरी चालेल

मला विचाराल तर पुस्तकाचा गाभा इथे आहे.

सुरुवात सभासद शोधण्यापासून करा. एसक्यूएलचं वाक्य स्ट्रिंग जोडून बनवा, नाव थेट वाक्यात घुसवा, आणि पाटील शोधा. मिळेल. आता इंग्रजी स्पेलिंगने डि'सोझा शोधा. त्या नावात 'डि' नंतर वर एक तुटक चिन्ह (अपॉस्ट्रॉफी) असतं, आणि एसक्यूएलला वाटतं की नाव तिथेच संपलं. क्वेरी मोडते. वसईपासून वांद्र्यापर्यंत हे आडनाव असलेली किती कुटुंबं आहेत, आणि तुमचा प्रोग्राम त्यांना सभासदच मानत नाही. ज्या फटीतून हे नाव अडकलं त्याच फटीतून कोणी मुद्दाम विचित्र मजकूर भरून अख्खं टेबल उडवू शकतो. याला एसक्यूएल इंजेक्शन म्हणतात. उपाय प्रिपेअर्ड स्टेटमेंट: वाक्यात प्रश्नचिन्ह ठेवायचं आणि नाव वेगळं द्यायचं. डि'सोझा मिळतात आणि फटही बुजते.

आता पैशांकडे या. ३०४ ने ३,५०० रुपये भरले. प्रोग्रामला दोन कामं करायची आहेत: पावतीच्या टेबलात ओळ घालायची आणि सदनिकेच्या टेबलात थकबाकी कमी करायची. दोन्ही लिहा. मधल्या ओळीवर मुद्दाम एक एक्सेप्शन फेका. चालवा आणि डेटाबेस उघडून बघा.

पावती आहे. थकबाकी जशीच्या तशी.

म्हणजे सभासदाच्या हातात पावती, आणि पुढच्या बिलात त्याच पैशांवर व्याज. असा माणूस रविवारी सकाळी सेक्रेटरीच्या दारात उभा राहील, आणि त्याचं बरोबर असेल. हे झालं कारण जेडीबीसीमध्ये प्रत्येक वाक्य आपोआप कमिट, म्हणजे कायमचं पक्कं, होतं. ऑटो-कमिट बंद करा, दोन्ही कामं झाल्यावर कमिट करा, एक्सेप्शन आलं तर रोलबॅक, म्हणजे सगळं मागे घ्या. पुन्हा चालवा: आता पावतीही नाही आणि थकबाकीही हललेली नाही. अजून एक पायरी पुढे जा. एक्सेप्शनच्या जागी थ्रेड झोपवा आणि त्या वेळात टास्क मॅनेजरमधून जावाची प्रोसेसच मारून टाका. रोलबॅक करायला तुमचा कोड जिवंतच राहिला नाही. तरी डेटाबेसने अर्धवट काम स्वतःहून मागे घेतलेलं दिसेल. वीज गेली तरी बँकेचा हिशेब का टिकतो, ते इथे समजतं.

नंतर दोन व्यवहार एकाच वेळी आणा. थकबाकी ५,००० आहे. नवऱ्याने मोबाइलवरून २,००० भरले, त्याच क्षणी बायकोने ऑफिसात ३,००० चा चेक दिला. दोन्ही थ्रेडनी आधी ५,००० वाचले, मग आपापली वजाबाकी करून लिहिली. शेवटी थकबाकी एक तर ३,००० उरते नाहीतर २,०००, शून्य कधीच नाही. पुस्तकातलं आयसोलेशन आणि लॉकिंगचं (एकाच वेळचे व्यवहार एकमेकांत मिसळू न देण्याचं) प्रकरण हा आकडा समोर ठेवून वाचा. आकड्याशिवाय ते कोरडं वाटतं.

कनेक्शन बंद करायला विसरलं तर काय होतं तेही बघून ठेवा. स्प्रिंग बूटमध्ये हिकारी नावाचा पूल, म्हणजे आधीच उघडून ठेवलेल्या कनेक्शनांचा साठा, आपोआप येतो आणि मूळ सेटिंगमध्ये त्यात जास्तीत जास्त १० कनेक्शन असतात. पूलमधून कनेक्शन घेऊन परत न करणारी मेथड लिहा आणि ती अकरा वेळा बोलवा. अकरावी विनंती ३० सेकंद ताटकळते आणि मग एक्सेप्शन येतं. प्रत्यक्ष कामात 'सकाळी ठीक होतं, अकरा वाजता हँग झालं' अशी तक्रार आली की मी सर्वांत आधी हेच शोधते. ट्राय-विथ-रिसोर्सेसची (काम झालं की कनेक्शन आपोआप बंद करणाऱ्या ट्रायची) सवय पहिल्या दिवसापासून लावा.

मग जेपीए आणि स्प्रिंग

आता फ्रेमवर्क शिका. हाताने जे कष्ट केलेत तेच ते तुमच्यासाठी करतं, हे प्रत्येक पानावर जाणवेल.

डिपेंडन्सी इंजेक्शनची व्याख्या पुस्तकात जड वाटते. मी मुलांना लग्नाच्या आचाऱ्याचं उदाहरण देते. आचारी बाजारात जात नाही. तो यादी देतो: एवढे तांदूळ, एवढं तूप, एवढे नारळ. सामान यजमान आणून ठेवतो, आचारी फक्त स्वयंपाक करतो. तुमचा सर्व्हिस क्लास म्हणजे आचारी, कन्स्ट्रक्टर म्हणजे त्याची यादी, आणि स्प्रिंगचा कंटेनर म्हणजे यजमान. टेस्ट लिहिताना खऱ्या डेटाबेसच्या जागी खोटा देता येतो तो यामुळेच: सामान कुठून आलं याच्याशी आचाऱ्याला देणंघेणं नसतं.

जेपीए म्हणजे टेबलातल्या ओळी जावाच्या ऑब्जेक्टसारख्या वापरायची सोय. ती शिकताना पहिलं काम म्हणजे एसक्यूएल लॉगमध्ये छापायचं सेटिंग चालू करा आणि पुस्तक संपेपर्यंत बंद करू नका. सगळ्या सदनिका आणि त्यांच्या सभासदांची नावं दाखवणारं पान बनवा. कोड दोन ओळींचा दिसतो, लॉगमध्ये मात्र २५ क्वेऱ्या उमटतात: एक यादीची आणि २४ सदनिकांच्या २४ सभासदांसाठी एकेक. २४ ला चालून जातं, २४ हजारांना सर्व्हर बसतो. जॉइन फेच (दोन्ही टेबलं एकदम आणायची सूचना) वापरून ती एक क्वेरी करा आणि लॉग पुन्हा बघा.

ट्रान्झॅक्शनल हे अ‍ॅनोटेशन लावलं की काळजी मिटली, असं वाटतं. दोन ठिकाणी फसगत होते. तुम्ही स्वतःचं चेक्ड एक्सेप्शन फेकलंत तर स्प्रिंग मूळ सेटिंगमध्ये रोलबॅक करत नाही, कमिट करतं. रोलबॅक हवा असेल तर तसं सांगावं लागतं. आणि त्याच क्लासमधल्या एका मेथडने दुसरीला बोलावलं तर दुसरीवरचं अ‍ॅनोटेशन कामच करत नाही, कारण स्प्रिंगचा प्रॉक्सी, म्हणजे तुमच्या क्लासपुढे उभा केलेला मध्यस्थ, बाहेरून येणाऱ्या हाकेलाच ओळखतो. दोन्ही गोष्टी पावतीच्या प्रयोगावर करून बघा. प्रयोग तुमच्याकडे तयारच आहे, फक्त एक्सेप्शन बदलायचं.

पुस्तकात सोप, ईजेबी २ किंवा कोर्बा या जुन्या तंत्रांवर प्रकरणं असतील तर सोडून द्या. नोकरीत गरज पडली तर तेव्हा परत या.

रोजची पद्धत

माझं विरार-अंधेरी एका बाजूला तासाभराचं. अशा प्रवासात लॅपटॉप उघडायला जागा नसते, पण वाचता येतं. प्रत्येक प्रकरण मी दोनदा घ्यायला सांगते. पहिल्यांदा ट्रेनमध्ये, कोड सोडून, फक्त मजकूर आणि आकृत्या. जाड पुस्तक गर्दीत धरवत नसेल तर आपल्याच पुस्तकाच्या दहा-बारा पानांचे फोटो मोबाइलवर घ्या. दुसऱ्यांदा घरी, मशीनसमोर, एकेक ओळ टाइप करत. कॉपी-पेस्ट नको. टाइप करताना होणाऱ्या चुकाच शिकवतात.

एक वही ठेवा आणि त्यात मराठीत लिहा. 'कनेक्शन पूल म्हणजे काय' याचं उत्तर स्वतःच्या मराठीत चार ओळींत लिहिता आलं नाही, तर समजलेलं नाही असं धरून चाला. इंग्रजी व्याख्या तोंडपाठ असली तरी. मुलाखतीत उत्तर इंग्रजीत द्यावं लागेल, पण समज ज्या भाषेत पक्की होते त्या भाषेत आधी होऊ द्या.

त्याच वहीत एररची पानं ठेवा. स्टॅक ट्रेस (एररची लांबलचक यादी) आला की घाबरून वरची ओळ शोधपेटीत टाकू नका. खाली जा, 'कॉज्ड बाय' ने सुरू होणारी सर्वांत शेवटची ओळ वाचा, मूळ कारण बहुधा तिथे असतं. मग त्याखाली स्वतःच्या पॅकेजचं नाव असलेली पहिली ओळ शोधा, तिथे तुमच्या फाइलचा ओळ क्रमांक असतो. तारीख, एरर, कारण, उपाय असं लिहून ठेवा. चॅटबॉटला विचारायचं असेल तर हे करून झाल्यावर विचारा. आधी विचारलंत तर एरर जाईल, पण ती वाचायची नजर येणार नाही.

रोज दीड तास दिलात तर माझ्या अनुभवात पाच-सहा महिने लागतात. त्यात दोन-तीन आठवडे असे येतात की काहीच पुढे सरकत नाही, आणि ते बहुतेक ट्रान्झॅक्शनच्या प्रकरणात येतात. जोडीदार असेल तर ते निभावतं. एकच पुस्तक वाचणारे दोघं आठवड्यातून एकदा भेटा, दादरला वाचनालयात, कॉलेजच्या कट्ट्यावर, कुठेही, आणि एकमेकांना आपला कोड मोडून दाखवा.

शेवटची परीक्षा खऱ्या आकड्यांची

प्रकल्प चालू लागला की आपल्या सोसायटीच्या खजिनदारांकडे जा आणि गेल्या वर्षीचा हिशेब मागा. सभासदांची नावं नकोत, सदनिकेचे क्रमांक आणि रकमा पुरेत. बारा महिन्यांची बिलं आणि पावत्या प्रोग्राममध्ये भरा आणि वर्षअखेरची थकबाकी त्यांच्या वहीशी ताडून बघा.

पहिल्या खेपेला जुळणार नाही. पाण्याचं बिल १०,००० आलं, ते २४ सदनिकांत वाटायचं. बिगडेसिमलने नुसता भागाकार केलात तर प्रोग्राम एक्सेप्शन देऊन थांबतो, कारण ४१६.६६ च्या पुढचे सहा संपतच नाहीत आणि दशांशचिन्हानंतर किती घरांवर थांबायचं ते तुम्ही सांगितलेलं नसतं. दोन घरं आणि पूर्णांकनाची पद्धत सांगितलीत की प्रत्येकाला ४१६.६७ येतात. त्याचे २४ पट १०,०००.०८. आठ पैसे जास्त. ते कुणाच्या खात्यात टाकायचे हे कुठल्याच पुस्तकात मिळणार नाही. खजिनदारांना विचारा, ते इतकी वर्षं काय करत आलेत ते ऐकून घ्या, आणि ते सांगतील त्याची टेस्ट लिहा.